संपलं म्हणायचं नाही

सकाळी चहा गाळत होते तेव्हा इराप्पाचा फोन आला. इराप्पा आमच्या फर्निचरच्या कारखान्याचा फोरमन. एरवी तो फोनवरसुद्धा ओरडून बोलतो. त्या दिवशी हळू बोलला. ‘‘आक्का, अण्णा उठंनात.’’ कुठं आहेत, असं मी विचारलं. ‘‘खुर्चीतच हाईत. चौकटीसमोर...’’ चौकट म्हणजे कारखान्याच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली मोकळी जागा. ती मीच आखून घेतली होती. गॅस बंद केला, स्कूटर काढली आणि वडगावातून कारखान्यापर्यंत एकच प्रश्न घोकत गेले. आदल्या संध्याकाळी निघताना ती जागा रिकामी राहिली होती का? भाऊ गेल्याची बातमी ऐकून कुणी असलं काही विचारतं का, असं वाटेल. अण्णाला ओळखणाऱ्यांना नाही वाटणार.

आमच्या वडिलांचं निपाणीला सुतारकामाचं दुकान होतं. पलंग, पाट, दारं करायचे. धंदा बसला, तेव्हा घरात त्यावर कुणी काही बोललं नाही. एका सकाळी आई शेजारणीला म्हणाली, ‘‘ह्यांनी दुकान वाढवलं.’’ आपल्याकडे बंद केलं म्हणायची ही रीत. बांगडी फुटली तर वाढली, दिवा विझवला तर वाढवला. अण्णा तेव्हा शाळकरी पोर. त्याला वाटलं, दुकान खरंच मोठं झालं. तो बघायला पळत सुटला. दार सताड उघडं, आत ना लाकूड, ना रंधा. जमिनीवर भुसा, आणि पलंग होते तिथं भुशात कोरे चौकोन उमटलेले. वडील कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. हे त्यानं मला मी नोकरीला लागल्यावर सांगितलं, एकदाच, दुसरीकडे बघत.

पुढं त्यानं बेळगावजवळ स्वतःचा कारखाना काढला. चांगला चालवला. पण मोकळी जमीन त्याला बघवायची नाही. लाकूड छतापर्यंत रचलेलं, अर्धवट खुर्च्या एकमेकींच्या डोक्यावर, कधीकाळी लागतील म्हणून केलेले पाय पोत्यांत भरलेले. आणि एक नियम होता. ‘संपलं’ म्हणायचं नाही. खिळे संपले तर ‘खिळे वाढले’, पॉलिश संपलं तर ‘पॉलिश वाढलं’. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला हे शिकवायचे आणि मग हत्यारं द्यायचे.

अण्णाला हृदयाचा पहिला झटका आला तेव्हा मी एका कंपनीच्या खरेदी खात्यात होते. नोकरी सोडून कारखान्यात आले. बघते तर तयार कपाटं ढिगाऱ्यातून बाहेर काढताना ओरखडे पडतायत, तळातल्या फळ्यांना कीड लागलीय, वेळेवर माल मिळत नाही म्हणून गिऱ्हाइकं पांगतायत. मी हुबळीहून एका प्रशिक्षक बाईंना बोलावलं. कविता मॅडम. लीन पद्धत शिकवायच्या, इंग्रजीतलं लीन, म्हणजे सडसडीत. लागेल तेवढंच आणा, मागितलं असेल तेवढंच करा, जमीन मोकळी ठेवा. अण्णानं नाव ऐकलं आणि हसला. ‘‘लीन? देवात लीन व्हायचं व्हय गं, सुमे? त्याला बाई कशाला बोलवायची? मी हाय की तयारीत.’’ सगळे हसले. मीही हसले.

हसणं लवकर थांबलं. ढीग हलू लागले तशी कारागिरांना धास्ती वाटू लागली. मागितलं असेल तेवढंच करायचं, म्हणजे काम उरकल्यावर हात बांधून उभं राहायचं. इराप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘‘आक्का, आज नुसतं हुबा ऱ्हायलो तर उद्या ह्यो कशाला पायजे म्हनशीला.’’ मी सांगितलं, कुणाला काढणार नाही. ‘‘तुमी न्हाय काडनार. पर ही पट्टी काडंल,’’ तो जमिनीकडे बोट करून म्हणाला. नंतर बाकांखाली फडक्यात गुंडाळलेले खुर्चीचे पाय सापडायला लागले. कुणी सांगितले नव्हते, कुणाला नको होते. हात चालू दिसावेत म्हणून केलेले. मी ते बाहेर काढायचे, पुन्हा तिथं नवे यायचे.

आणि अण्णा... तो त्या चौकटीतून चालायचाच नाही. भिंतीला धरून वळसा घालून जायचा. संध्याकाळी सगळे गेले की एक फळी आणून चौकटीत आडवी ठेवायचा. मी म्हटलं, अण्णा, हे काय? ‘‘काय न्हाय गं. सकाळी जागा मोकळी दिसाय नको.’’ सकाळी इराप्पा ती उचलायचा. मॅडमना यातलं काही कळलं नव्हतं.

मग कार्डांचा घोळ झाला. ज्या खोक्यातला माल संपेल त्यावर लाल कार्ड लावायचं, ते बघून मॅडम नवा माल मागवणार, असं ठरलं होतं. कार्डावर काय लिहायचं, यावर अण्णा अडून बसला. संपलं लिहायचं नाही म्हणजे नाही. मॅडमना मी म्हटलं, लिहू देत त्यांच्या शब्दात, लाल रंग तर कळतोच. त्यात मी दोन दिवस कोल्हापूरला माल पोचवायला गेले. मॅडमची भाषा कन्नड; मराठी त्या पुस्तकावरून शिकलेल्या. कडी-बिजागऱ्यांच्या खोक्यावर कार्ड होतं, ‘बिजागऱ्या वाढल्या’. त्यांनी इराप्पाला विचारलं, ‘‘वाढल्या ना, नक्की?’’ इराप्पा म्हणाला, ‘‘व्हय मॅडम, सगळ्या वाढल्या.’’ बाईंनी बिजागऱ्यांची आधी दिलेली मागणीही रद्द केली.

कोगनोळी ओलांडून परत येत होते तेव्हा इराप्पाचा फोन आला. एका शाळेची कपाटं दारांशिवाय उभी होती आणि न्यायला गाडी दारात आली होती. पोचले तर कारागीर बाहेर उन्हात. कुणीतरी म्हणालं, ‘‘झालो लीन!’’ कुणी हसलं नाही. आत अण्णा चौकटीच्या कडेला उभा होता. मला वाटलं, आता बाईंना हाकलणार, पट्ट्या खरवडायला लावणार. मी बोलायच्या आत तोच म्हणाला, ‘‘बाईची चूक न्हाय. शब्द माझा हाय.’’ मग कार्डाकडे बोट केलं. ‘‘लिव्ह. संपलं म्हणूनच लिव्ह.’’

त्या दिवसापासून कारखान्यात लाल कार्डावर ‘संपलं’ असं यायला लागलं. काम सुधारलं, हे खरंच आहे. माल वेळेवर जायला लागला, दुरावलेली काही गिऱ्हाइकं परतली. पण कार्डाजवळून जाताना अण्णा मान फिरवायचा, आणि तोंडानं तो शब्द त्यानं कधी उच्चारला नाही. काही महिन्यांतच तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर झालं होतं. मी असल्या बाबतीत डॉक्टरांचंच ऐकते. तरी खोक्यावर कार्ड लावताना आजकाल माझी बोटं अडखळतात.

त्या सकाळी पोचले तेव्हा अण्णा खुर्चीत होता, मान छातीवर. समोरच्या चौकटीत फळी होती. आधी तीच बघितली.

आता कारखाना मी चालवते. हातातलं शेवटचं काम परवा गाडीत चढलं, पुढचं अजून पक्कं नाही. पहिल्यांदाच सगळी जमीन मोकळी झाली. पद्धतीप्रमाणे बघितलं तर आदर्श कारखाना. त्या संध्याकाळी इराप्पा कुलूप घेऊन दारात आला आणि रोजच्यासारखं विचारलं, ‘‘आक्का, वाढवू काय?’’ इतकी वर्षं रोज ऐकलेलं वाक्य. मला भुशातले ते चौकोन दिसले, जे मी कधी पाहिलेच नाहीत.

‘‘थांब,’’ मी म्हटलं. भिंतीला टेकवलेली फळी ओढत आणली. इराप्पानं न विचारता दुसरं टोक धरलं. चौकटीत आडवी ठेवली. मग तोच म्हणाला, ‘‘मॅडम सोमवारी येनार हाईत. कार्ड न्हाय म्हनून काडाय लावतील, आक्का.’’

खरं होतं. कार्डाशिवाय चौकटीत काही ठेवायचं नाही, हा माझाच नियम; संपलेल्याला लाल, चालू कामाला हिरवं. मी हिरवं कार्ड घेतलं, त्यावर लिहिलं, ‘काम चालू आहे’, आणि फळीला बांधलं.