गाडीच्या डोक्याला खोबरेल

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने माफ करावं. हसायचंच असेल तर गाडीच्या गोष्टीला हसावं, अक्षराला नको.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा यांनी जुनी विलायती गाडी घेतली. हे सातिवलीला कारखान्यात फिटर. पैसे कुठले असणार? सासूबाईंनी आपल्या पाटल्या मोडून साडेतीन हजार दिले. गाडी लग्नांना भाड्याने द्यायची आणि पैसे फेडायचे, असं ठरलं. तेव्हापासून सासूबाई रिकामे हात नाचवत म्हणायच्या, "माझ्या पाटल्या अंगनात उभ्या हायेत. कोंबड्या बसतात त्यांच्यावर."

त्या गाडीला एक सोडून दोन कार्बोरेटर. इंजिनाला पेट्रोल आणि हवा तेच पाजतात. दोघांनी सारखं पाजलं नाही तर गाडी उसळ्या मारते. म्हणून हे रबरी नळीचं एक टोक कानात घालायचे आणि दुसरं आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे, मग मागच्या. आत हवा सूंसूं करते. दोन्हीकडची सूंसूं सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. प्रत्येकाच्या डोक्यावर पितळी टोपी असते. तिच्याखाली थोडं पातळ तेल घालतात, म्हणजे आतला दट्ट्या सावकाश वर-खाली होतो.

पहिली सुपारी मिळाली ती शेजारच्या ख्रिस्ती वाडीतल्या लग्नाची. नाताळ झाल्यावरच्या रविवारी सकाळी नवरीला चर्चला न्यायचं. त्या आठवड्यात यांनी पुढच्या कार्बोरेटरमध्ये तेल घातलं आणि डबी संपली.

"अगं, दुकानातून शिलाई मशीनचं तेल आण."

मी गेले. दुकानाच्या बाकावर चार पुरुष पेपर वाचत बसले होते. चारही पेपर एकदम खाली झाले. मी तशीच मागे फिरले! घरी आले आणि फडताळातल्या बाटलीतलं खोबरेल डबीत ओतलं. दुपारची वेळ, तेल पाण्यासारखं पातळ. तेल ते तेल, मी म्हटलं. यांनी ते मशीनचंच समजून मागच्या कार्बोरेटरमध्ये घातलं.

संध्याकाळी गाडी मांजरीसारखी गुरगुरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र फाटकापर्यंत बेडकासारखी गेली. यांनी स्क्रू फिरवून जुळवली, तर दुपारी इंजिन उगाच भणभणायला लागलं. दुपारी जुळवली, तर पुन्हा सकाळी बेडूक. असं तीन दिवस. हे जेवताना पण एका कानावर हात ठेवून बसायचे.

शनिवारी पहाटे उसळ्या बघून सासूबाई म्हणाल्या, "उद्या नवरीला अशी उडवत नेनार काय तू? उद्या गाडी चर्चला गेली नाय, तर सोमवारी भंगारवाला येतो. सांगून ठेवलंय मी त्याला."

हे पुन्हा नळी कानात घालून वाकले. मी न्हायला गेले, केसांना तेल लावायला बाटली घेतली, उलटी केली. थेंब पडेना. थंडीने तेल पांढरं घट्ट झालेलं. रोजच्यासारखी ती गरम पाण्याच्या तांब्यात ठेवली आणि तिथेच मला कळलं.

रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू फुटलं. मोकळे केस तसेच टाकून अंगणात धावले.

"अहो, ते मागचं तेल... ते आपल्या डोक्याचं आहे."

यांनी टोपी उघडली. आत पांढरं लोणी. हे आधी माझ्याकडे बघत राहिले, मग मडगार्डवर बसून इतके हसले की गाडी हलायला लागली.

"काय रे, काय झालं?" सासूबाई दारातून ओरडल्या.

"आई, हिने गाडीची चंपी केली!"

"मग वेनी पन घालायची होतीस गो," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

यांनी सगळं पेट्रोलने धुतलं. शिलाई मशीनचं तेल आणायला मीच गेले. बाकावर तेच चौघे. मला वाटेतच हसू येत होतं, ते दुकानातही थांबेना, आणि या वेळी मान त्यांनीच फिरवली.

कारखान्यातल्या ठोकाठोकीने यांचे कान जरा जड झालेले. म्हणून नळी मला दिली. मी ती पदराखालून कानात घातली. कानात गुदगुल्या! मागचा जोरात ओढत होता.

"मागचा कमी करा. अजून. थांबा, आता पुढचा... आता दोघे सारखे."

"नक्की?"

"तुम्ही घोरता आणि आई घोरतात, त्यातला फरक मला भिंतीपलीकडून कळतो," मी म्हटलं. एवढं मोठं वाक्य मी यांच्याशी दिवसाउजेडी पहिल्यांदाच बोलले असेन.

रविवारी कडाक्याची थंडी होती. गाडी फुलं लावून फाटकातून निघाली ती एकदाही न उसळता. सोमवारी भंगारवाला आला, त्याला सासूबाईंनीच चहा पाजून परत पाठवलं.

पुढे दर लग्नाच्या आदल्या दिवशी नळी माझ्या कानात असायची. मिळेल ते भाडं आम्ही सासूबाईंच्या हातात ठेवत गेलो. तिसऱ्या थंडीत शेवटचे दोनशे दिले. त्यांनी ओटीवर बसून दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि म्हणाल्या, "साडेतीन हजार पुरे झाले. आता माझं तुमच्याकडे काय नाय."