पाचशेची रायफल आणि आईची परीक्षा

गेल्या दसऱ्याला महिन्याची रजा काढून मी जामखेडजवळच्या आमच्या वस्तीवर आलो, तर रस्त्यालाच माझा फ्लेक्स लागलेला. हातात पाचशे बोअरची दुनळी रायफल घेतलेला मी, आणि खाली ठळक अक्षरं: ‘आफ्रिकेचा ढाण्या वाघ’. आफ्रिकेत वाघ नसतो. पण फ्लेक्स छापणाऱ्या माझ्या मित्रांना हे सांगणार कोण? आणि खरं सांगतो, मलाही सांगायचं नव्हतं. आईबापानं जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडला आणि मी टांझानियातल्या एका ऊसमळ्यावर तोडणीचा साहेब! छाती फुगणारच की.

फ्लेक्सवर एक गोष्ट नव्हती. त्या रायफलीनं माझा एकही नेम लागलेला नव्हता.

आमच्या मळ्यात नदीकडून रानरेडे शिरतात. ऊस तुटत तुटत शेवटचा पट्टा उरला की रेडा त्यात दबा धरून बसतो, आपल्याकडे बिबट्या बसतो तसा. बिबट्या बहुतेकदा पळून तरी जातो. रेडा समोरून अंगावर येतो. मागच्या हंगामात अशाच पट्ट्यात आमचा एक तोडकरी गेला. मी शंभर पावलांवर होतो, रिकाम्या हातानं. त्याची एक चप्पल तेवढी सरीत उरली. त्यानंतर तोडकरी म्हणाले, बंदूकवाला पुढं उभा राहिल्याशिवाय आम्ही शेवटच्या पट्ट्यात पाय घालणार नाही. काय चुकलं त्यांचं? मी म्हणालो, मी राहतो उभा. मॅनेजरनं परवाना काढून दिला आणि अट घातली. रायफल तू निवड, पण रजेवरून आल्यावर तीस पावलांवरून पाचातल्या चार गोळ्या ताटलीएवढ्या गोलात बसल्या पाहिजेत. नाही बसल्या तर तू बाजूला हो, दुसरा माणूस मिळेपर्यंत तोडकऱ्यांचं तोडकरी बघतील. आणि पोटासाठी ते बिनबंदुकीचे आत जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तसल्याच घरातला.

मळ्यावर रायफली तीन होत्या. पाचशेची, चारशे अठ्ठावन्नची आणि तीनशे पंचाहत्तरची. हे आकडे नळीच्या तोंडाच्या रुंदीचे, इंचाचे हजार भाग करून मोजलेले. तीनशे पंचाहत्तर म्हणजे तिकडच्या कायद्यात रेड्यासाठी चालणारी सगळ्यांत लहान. सगळ्यांत लहान! आमच्या भागात माणूस ट्रॅक्टर घेईल तर मोठा, बैल घेईल तर उंच. मी डोळे झाकून पाचशेला हात घातला. तिचं काडतूस माझ्या अंगठ्याहून जाड होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळीला बसलो आणि बनियन काढलं. आई पाणी घेऊन आली आणि थबकलीच.

“कुनी मारलं रं तुला?”

उजवा खांदा वांग्यासारखा काळानिळा झाला होता.

“कुणी नाही गं. बंदुकीचा धक्का बसतो.”

“कुनाच्या बंदुकीचा?”

“माझ्याच.”

“अगं बया!” आई पदर तोंडाला लावून अशी हसली की शेजारची काकू भिंतीवरून डोकावली. मी चिडलो. त्या दिवशी मी जेवलोही उशिरा.

आता माझी आई कोण, तर वस्तीवरची कोयत्यांची पारखी. दसरा झाला की टोळ्या उसाला निघतात. निघायच्या आधी नव्या सुना कोयता घ्यायला आईला बरोबर नेतात. ती स्वतः आता तोडीला जात नाही, पण हा मान तिचाच. त्या आठवड्यात बाजारात लोहाराच्या पालापुढं मीही तिच्या मागं उभा राहिलो. एका नव्या सुनेनं चांगला मोठा, चकचकीत कोयता उचलला. आईनं तिला कडब्याच्या पेंढीवर वीस घाव घालायला लावले. कडब्याकडं आई बघतच नव्हती. ती पोरीच्या डोळ्यांकडं बघत होती.

“ठिव खाली. घाव बसायच्या आदी पापनी मिटती तुजी. ह्यो कोयता तुला जड हाय. दुपारपातुर पायावर घेशील.”

दुसरा दिला, तोही नाही. तिसऱ्याला पोरीची पापणी हलली नाही. आई म्हणाली, ह्यो घे.

घरी आल्यावर आईनं हात पुढं केला. “तुजा बार उडवल्याला मोबाईलवर दाव.”

मी ऐटीत लावला.

“हळू लाव.”

हळू लावला. आई पडद्याला नाक लावून बसली. “हे बग. चाप वडायच्या आदी डोळा गच्च मिटलाय तुजा. आंधळ्यावानी मारतुयास.”

मी दुसरा व्हिडिओ लावला. तीनशे पंचाहत्तरनं गंमत म्हणून एकदाच बार काढला होता, तोही मोबाईलमध्ये होता. त्यात माझा डोळा सताड उघडा.

“हीच घे.”

“आये, ती लई बारकी आहे. तो रेडा आहे, शेळी नाही!”

“मग तर डोळा उघडाच पायजे.”

मी रागानं उठून गेलो. फ्लेक्स पाचशेचा आणि हातात तीनशे पंचाहत्तर? बडा घर पोकळ वासा म्हणतील! पण मेलेल्या तोडकऱ्याची चप्पल डोळ्यांपुढून जाईना. संध्याकाळी मॅनेजरला कळवून टाकलं: तीनशे पंचाहत्तर, दुर्बीण नको. काडतुसं दोन तऱ्हेची. पहिलं मऊ टोकाचं, आत जाऊन फुलणारं. त्यामागची सगळी घट्ट गोळीची, हाड फोडून सरळ जाणारी. मग रोज सकाळी अंगणात मी मुसळ खांद्याला लावून उभा, आणि समोर आई पापण्या बघत बसलेली. मित्र हसून हसून लोळले. “वाघ मुसळावर आला रे!” हसा लेकांनो, म्हटलं.

परत गेलो आणि पाचातल्या पाच आत घातल्या. मॅनेजरनं ताटली स्वतः मोजली, दोनदा.

डिसेंबरात शेवटचा पट्टा उरला आणि पाती हलली. मी हाक मारून तोडकऱ्यांना मागं घेतलं. रेडा ऊस मोडत बाहेर आला, मान खाली घालून थेट माझ्याकडं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी मला दिसत होती, आणि तिच्यापलीकडं त्याची ओली नाकपुडी. डोळा मिटला नाही. पहिल्या गोळीला तो गुडघ्यावर आला आणि उठू लागला. रायफलीचा खटका, म्हणजे बोल्ट, मागं-पुढं केला, दुसरी घातली. बारा पावलांवर तो पडला तो पडलाच. मागं एकच गलका उठला. मला उचलून खांद्यावर घेतलं लोकांनी, दुखऱ्या खांद्यासकट, आणि मी नाचलो, लाज सोडून नाचलो!

तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. रेडा दाखवायला मोबाईल वळवला, तर ती ओरडली, “त्यो मेल्याला काय दावतूस? मान्सं दाव!”

मी मोबाईल फिरवला. बोट लावून एकेक चेहरा मोजत ती बत्तीसपर्यंत गेली.

“समदी हायेत?”

“समदी हायेत, आये.”

टोळ्या उसाला गेलेल्या, आमची वस्ती निम्मी रिकामी. तरी आई मोबाईल हातात धरूनच अंगणात धावली आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडली, “ऐका गं समद्या जनी! माज्या लेकाच्या मागं हुती तेवढी समदी मान्सं आज घरी जानार!”