एकशे त्रेसष्ट नावांना जागा

जनकाबाई शिरड शहापूरच्या शाळेत गणित शिकवायच्या. १९७९च्या जानेवारीत त्यांचा धाकटा भाऊ नरसिंग परदेशातून घरी वापरायचा कॉम्प्युटर घेऊन आला. तो जहाजावर रेडिओ ऑफिसर होता. मेमरी त्यानं सगळ्यात कमी, चार किलोबाइटची घेतली आणि वाचलेल्या पैशात खेळांच्या कॅसेटी आणल्या.

जनकाबाईंना खेळायचं नव्हतं. त्यांचे वडील किशनराव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरच्या एकशे त्रेसष्ट शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या लावायचे. कालवा एक दिवस बंद राहिला तरी पुढच्या सगळ्यांच्या वेळा बदलायच्या. नवी यादी लिहिण्यात दोन दिवस जायचे, आणि त्या गोंधळात वरचे लोक पाणी ओढून घ्यायचे. कालव्याच्या शेपटाला रुक्माबाईंचं शेत. त्यांचा गहू दोन वर्षं वाळला होता.

यंत्राबरोबर आलेलं पुस्तक वाचून वाचून जनकाबाईंनी पाळ्यांचा प्रोग्रॅम लिहिला. नावं भरायला घेतली. एकेचाळीस झाली आणि यंत्र अडलं.

"बिघडलं का?" किशनरावांनी विचारलं.

"न्हाई बाबा. हिशेब बराबर करतंय. ध्यानात ठेवायला जागाच पुरून न्हाई राहिली."

नरसिंग जहाजावर परतला होता. जनकाबाईंनी त्याला पत्र लिहिलं: कॅसेटी परत पाठवते, त्या विक आणि मेमरी आण. तोवर यंत्र कपड्याखाली झाकलेलं राहिलं.

दिवाळीनंतर नरसिंग मेमरीच्या आठ चिप घेऊन आला. "आक्का, तूच बसव."

सहावी चिप बसवताना तिचा एक बारीक धातूचा पाय आत मुडपला. तो तुटला असता तर नरसिंगच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबणं आलं असतं. जनकाबाईंनी चिप हळूच उपसली, भुवयांच्या चिमट्यानं पाय सरळ केला आणि परत दाबली.

बटण दाबून यंत्र सुरू केलं आणि नावं पुन्हा भरायला घेतली. एकेचाळीस, बेचाळीस, शंभर; शेवटी रुक्माबाईंचं नाव. यंत्रानं तेही घेतलं. आदल्या दिवशी कालवा बंद राहिला होता; तसं टाकताच काही मिनिटांत सगळ्या नव्या वेळा पडद्यावर आल्या. किशनराव त्या कागदावर उतरवू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर यादी वाचली.

"माझी कवा?" रुक्माबाईंनी विचारलं.

"बेस्तरवारी, सकाळी नऊला."

"पक्कं?"

"व्हय, पक्कं."

पाळी हुकेल म्हणून रुक्माबाई पंधरा दिवस शेत सोडून कुठं गेल्या नव्हत्या. "मंग तवर लेकीकडं जाऊन येते," त्या म्हणाल्या आणि औंढ्याच्या गाडीची वेळ विचारू लागल्या.