फी माफीच्या अर्जावर बाबांची सही

माझं एम.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं, त्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. मी नांदेडला विद्यापीठाच्या वसतिगृहात होते, आईबाबा लातूरला. बाबा पेंटर. भिंती रंगवणारे नव्हेत, अक्षरं रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, पाढे, नकाशे. फ्लेक्स आले तशी पाट्यांची कामं आटली, पण शाळा आणि अंगणवाड्यांच्या भिंतींवर आमचं घर चाललं होतं. सुट्टीत रिकाम्या शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवत असताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. त्यांनी तो उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा उचलायला वाकले ते उठलेच नाहीत.

जिवावरचं निभावलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे झाले होते, आणि बोलताना शब्दांची अदलाबदल व्हायची. चहाला ते टर्पेंटाइन म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा तिनं विचारलं, "साखर टाकू का तुमच्या टर्पेंटाइनात?" बाबांचा अर्धा चेहरा हसला. लकव्यानंतर ते हसलेले मी पहिल्यांदा तेव्हा पाहिले.

आईनं डबे सुरू केले. लातूरला क्लाससाठी बाहेरगावची पोरं ढिगानं येतात, त्यातल्या चौघांपासून सुरुवात झाली आणि पावसाळ्यापर्यंत अकरा डबे झाले. पण त्यावर औषधं आणि घरभाडं निघायचं, तेवढंच. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचा विषय कुणी काढत नव्हतं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, एक वर्ष गॅप घ्यायचा आणि लातूरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागायचं. वसतिगृहातलं सामान आवरायला म्हणून नांदेडला गेले, तर माझ्या रूममेटनं मला हाताला धरून डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डापुढे उभं केलं.

ही माझी रूममेट इस्लापूरकडची. आवाज असा की तिकडच्या धबधब्याशेजारी वाढल्यामुळे तो चढलाय असं आम्ही म्हणायचो. "वाच," ती म्हणाली. अचानक ओढवलेल्या आपत्तीमुळे फी भरू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी फी माफीसाठी अर्ज करावा, अशी नोटीस होती. खाली कागदपत्रांची यादी आणि मुदत. मुदतीला सोळा दिवस होते.

"हे आपल्यासाठी नसतं," मी म्हणाले.

"मग कुणासाठी असतं? बोर्डाला शोभा म्हणून लावलंय का?"

विद्यार्थी विभागातल्या खिडकीमागे एक मॅडम बसायच्या. चष्म्याला दोरी, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी माझी कागदपत्रं पाहिली आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर बोट ठेवलं. "हा मागच्या वर्षाचा. तुझ्या वडिलांना त्रास झाला या वर्षी. दाखल्यावरून समितीला वाटेल, घर ठीक चाललंय."

"मग काय करू मॅडम?"

"अर्जात शेवटी एक रकाना आहे. अडचणीचं स्वरूप, स्वतःच्या शब्दांत. तिथे नीट लिही. आणि वडिलांचं प्रतिज्ञापत्र आण, त्यांच्या सहीनं." मग जरा खाली वाकून खिडकीतून म्हणाल्या, "घाईत लिहू नको. पोरं तिथे दोन ओळी लिहितात आणि मग रडतात."

मी चार ओळी लिहिल्या. माझ्या वडिलांना अमुक महिन्यात अर्धांगवायूचा झटका आला असून घरात कमावते कोणी नाही, तरी मेहरबानी करावी, वगैरे. रूममेटनं वाचलं. "ही तर गॅसची टाकी वेळेवर न आल्याची तक्रार झाली. सरक तिकडं." आणि तिनं स्वतः लिहायला घेतलं. तिच्या मजकुरात नियतीनं क्रूर घाला घातला होता, आकाश फाटलं होतं, आणि मी आसवं पिऊन भूक भागवत होते. हे ती मोठ्यानं वाचत होती तेव्हा मी मेसमधून आणलेली तिसरी पोळी खात होते. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतली मुलगी काय झालं म्हणून बघायला आली.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "बरं, मग खरं काय झालं ते तरी सांग. तू मला कधी सांगितलंच न्हाई."

तेही खरंच होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग मी तिला सांगायला लागले. शाळेची भिंत, नकाशा, कोकणापासून मराठवाड्यापर्यंत रंगवून झालेला, विदर्भ तेवढा पांढरा राहिलेला. आवारात वाळू चाळणाऱ्या गवंड्यानं त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पहिले चार दिवस बाबा माझ्याकडे नुसते बघायचे, आणि मला त्यांनी ओळखलंय की नाही तेच कळायचं नाही. आईनं डब्यांसाठी पहिल्या दिवशी एवढी भाजी केली की आम्ही दोन दिवस तीच खाल्ली. जी इतका वेळ आसवांवर लिहीत होती तिनं आपला कागद चुरगाळला. "हेच लिही," ती म्हणाली. "असंच." मी दीड पान लिहिलं. रकाना पुरला नाही, पुरवणी जोडली.

आता राहिलं प्रतिज्ञापत्र. मी एस.टी.नं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आले. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका नोटरी वकिलांकडे त्यांना रिक्षानं नेलं. वकील भला माणूस. बाबांचा हात पाहून त्यांनी स्वतःच शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा लावा काका. डावा चालतो."

बाबांनी पॅडकडे पाहिलं. "न्हाई," ते म्हणाले.

हा शब्द मात्र त्यांना कधीच चुकला नाही.

"अहो, काही कमीपणा नाही त्यात. दवाखान्यातली माणसं लावतात की."

"न्हाई. अक्षर." त्यांनी डावा हात छातीवर ठेवला. "मपलं अक्षर हाय."

मी समजावलं, वकिलांनी समजावलं. बाबा खुर्चीत असे बसले होते की त्यांना खुर्चीसकट उचलावं लागलं असतं. शेवटी वकील म्हणाले, "सही केलीत तर उत्तमच. माझ्यासमोर करायची, बस. जमेल तेव्हा या."

मुदतीला अकरा दिवस होते. घरी आल्यावर आईनं मला विचारलं, "झालं का?" मी बाबांकडे बोट दाखवलं. आई बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. अर्धं बाबांना होतं, अर्धं बाबांच्या वडिलांना.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खडू घेऊन स्वयंपाकघरात बसलेले. आमच्या ओट्याला काळा कडप्पा आहे. त्यावर ते डाव्या हातानं अक्षरं काढत होते. आधी नुसत्या उभ्या रेघा. मग आडव्या. ज्या माणसानं दोरीशिवाय वीस फूट सरळ ओळ ओढली, त्याची रेघ आता खेकड्यासारखी कडेला पळत होती. त्यांना घाम फुटायचा, खडू मोडायचा. आई आली, ओल्या फडक्यानं ओटा पुसला. "उठा. अकरा डबे हाईत." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवसापर्यंत आईची तक्रार ठरून गेली होती. "सकाळी उठायचं, यांची सही पुसायची, मग भाकऱ्या थापायच्या. कोणत्या जन्माचं पाप हाय हे." पण मी पाहिलं, पाचव्या दिवशी तिनं ओट्याची एक बाजू पुसलीच नाही. तिथे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर बऱ्यापैकी उभं राहिलं होतं. एरवी ओट्यावर थापायच्या भाकऱ्या त्या दिवशी तिनं परातीत थापल्या.

डबे न्यायला येणारी पोरंही दारातून डोकावून विचारायला लागली, "काका, आज कुठपर्यंत?" एकानं त्यांना जाड मार्कर आणून दिला. बाबांनी तो हुंगला, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. मार्करला ते रंग मानतच नाहीत.

नवव्या दिवशी बाबा म्हणाले, "चला."

वकिलांकडे त्या दिवशी गर्दी होती. बाबांनी पेन डाव्या मुठीत धरलं, मी कागद दाबून ठेवला. एक अक्षर झालं. मग ते थांबले, श्वास घेतला, दुसरं काढलं. मागे शेताच्या वाटणीचे कागद घेऊन एक शेतकरी उभा होता. त्याला घाई असणार. तो मान उंचावून बघत होता. मी मागे वळून म्हटलं, "माफ करा, जरा वेळ लागून राहिलाय."

"लागू द्या की," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या, मालक."

स्वतःचं नाव झालं. वडिलांचं नाव झालं. आडनाव ओळीच्या खाली उतरलं, पण झालं. बाबांनी पेन खाली ठेवलं आणि सहीखाली रेघ ओढायची राहिली म्हणून परत उचललं. ती रेघ सहीपेक्षा लांब निघाली. शिक्का मारताना तो तिच्यावर पडू नये म्हणून वकिलांना जागा शोधावी लागली.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी अर्ज खिडकीत दिला. मॅडमनी दीड पान उभ्यानं वाचलं, पुरवणीला टाचणी मारली. "समिती पालकांसह बोलावेल," त्या म्हणाल्या. "वडिलांना यायला जमणार नसेल तर आईला आण."

आईला डबे सोडून येता येईना. बाबाच म्हणाले, मी येतो. पुढच्या महिन्यात आम्ही एस.टी.नं नांदेडला निघालो. कंडक्टरनं त्यांना पुढची सीट मोकळी करून दिली. वाटेत चाकूर आलं की बाबा नेहमी खिडकीबाहेर बघतात, कारण त्यांचं गाव तिथून आत आहे. पण त्या दिवशी ते फक्त दुकानांच्या पाट्या बघत होते आणि नाक मुरडत होते.

समितीत तीन प्राध्यापक होते. मधे अध्यक्ष, पिकलेल्या केसांचे. बाजूला एक मॅडम आणि एक तरुण सर. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर संगणकावर छापलेला कागद चिकटवला होता. मी बाबांना खुर्चीत बसवून शेजारी बसले. मॅडमनी प्रेमानं विचारलं, "काका, आता कसं वाटतंय?"

बाबा त्यांच्या डोक्यावरून मागे बघत होते. "दुसरी," ते म्हणाले.

मॅडमनी अध्यक्षांकडे पाहिलं. "दुसरा झटका येऊन गेला का?"

बाबांनी जोरानं नकारार्थी मान हलवली. "दुसरी. दुसरी."

तरुण सर माझा अर्ज उलटायला लागले. "घरात दुसरी मुलगी आहे का? इथे तर एकच लिहिलीय."

बाबा आता वैतागले. त्यांनी डावा हात वर केला आणि हवेत एक बाक काढला. तेव्हा मला दिसलं. मागच्या कागदावर छापलं होतं, विद्यार्थि कल्याण समिती. आणि मला हसू फुटलं. मुलाखतीत, समितीपुढे, तोंडावर हात ठेवूनही आवरेना. "सर, माफ करा. ते वेलांटीबद्दल बोलून राहिलेत. विद्यार्थी सुटा लिहिलाय, तर थी दुसरी पाहिजे."

तिघांनी एकदम मागे वळून पाहिलं. मग अध्यक्ष उठले, खिशातून पेन काढलं, पहिली वेलांटी खोडली आणि दुसरी काढली. वळून बाबांना विचारलं, "आता?"

"हाव," बाबा म्हणाले.

मग सगळेच हसले. पण त्यानंतरचे प्रश्न सोपे नव्हते. अध्यक्षांनी मला सरळ विचारलं, "समजा, माफी मिळाली नाही तर?" मी यासाठी एक छान उत्तर पाठ केलं होतं. ते आठवेना. मी म्हणाले, "लातूरला लॅबमध्ये काम करीन, सर. पुढच्या वर्षी परत येईन." आणि मीच पुढे म्हणाले, "पण एकदा निघून गेलेली मुलं परत आलेली मी फारशी पाहिली नाहीत. म्हणून भीती वाटते." बाबांचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

यादी तीन आठवड्यांनी लागली. शिक्षण शुल्क पूर्ण माफ. परीक्षा शुल्क भरायचं होतं, आणि वसतिगृहाचे पैसे दोन हप्त्यांत. मी नोटीस बोर्डापुढूनच घरी फोन लावला. आईला आधी वाटलं मी पैसे मागतेय. मी यादी वाचून दाखवली. फोनमधून नुसता कुकरच्या शिट्टीचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब, भाजी लागेल," आणि फोन ठेवून दिला. पाच मिनिटांनी तिनं परत केला तेव्हा आवाज बसलेला होता, पण ती म्हणाली की मिरची तळत होते.

वसतिगृहाचा हप्ता भागवायला मी दोन शाळकरी मुलींच्या शिकवण्या धरल्या. रूममेटनं माझ्यासाठी सायकल मिळवली. तिची चेन दर चौकात पडायची, त्यामुळे नांदेडचे चौक मला अजून पाठ आहेत. वर्ष ओढाताणीत गेलं, पण गेलं, आणि मी चांगल्या गुणांनी पास झाले. बाबा आता काठी घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत जातात आणि चहाला चहाच म्हणतात. आईचे डबे तेवीस झालेत. परवा तिनं स्वतःसाठी मिक्सर घेतला आणि पहिल्याच दिवशी शेंगदाण्याची एवढी चटणी वाटली की निघताना माझ्या बॅगेत तिचे तीन डबे होते.