पाण्याचं नाव

आमच्या युनियनच्या सेक्रेटरीबाई साहेबांच्या केबिनमध्ये कधी खुर्चीवर बसत नसत. "बसा की बाई," असं मॅनेजरसाहेब म्हणाले की त्या म्हणत, "नको. बसलं की तुम्ही चहा मागवता, आणि चहा आला की उत्तर राहून जातं." मग पर्स छातीशी धरून टेबलासमोर उभ्या राहत आणि विचारायला सुरुवात करत. ओव्हरटाइम का बंद केला? नवी यंत्रं कुठून येणार? बायकांची बस कुणाला विचारून रद्द केली? वरच्या मंडळींनी त्यांचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं. ते कानावर गेलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "मग थोडा अभ्यास करून येत चला म्हणावं."

विश्रांतवाडीच्या पुढे, आळंदी रस्त्याला आमचा कारखाना होता. टेलिफोनच्या यंत्रांना लागणारे सर्किट बोर्ड तिथे तयार होत. लाइनवर बहुतेक बायकाच. मी यवतमाळची, माझ्याबरोबर खोलीत राहणारी मंजुळा वाशीमकडची. बाई मात्र बुधवार पेठेत जन्मलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्याशी बोलतानाही वाक्य पुरं केल्याशिवाय सोडत नसत. मी युनियनची सभासद झाले त्या दिवशी त्यांनी विचारलं, "युनियन कशाला असते?" मी म्हटलं, "पगार वाढवायला." त्या म्हणाल्या, "ते नंतर. आपल्याला कशात हात घालायला लावतात, हे आधी कळलं पाहिजे. ते सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मेहेरबानी नव्हे."

बाहेरच्या कंपन्यांना देशाची दारं उघडली त्या सुमारास आमच्या मालकांनी एका परदेशी कंपनीशी करार केला. नवा हॉल उभा राहिला. धूळ नको म्हणून खिडक्या कायमच्या बंद, आत एसी. जोडलेले बोर्ड पुसायला पत्र्याच्या डब्यांतून काहीतरी नवीन येऊ लागलं. डब्यांवरची लेबलं खरवडलेली असत. वास पेट्रोलसारखा, जरासा गोड. आम्ही त्याला 'पाणी' म्हणायचो. बोळा पाण्यात बुडवायचा, बोर्ड पुसायचा, की लगेच कोरडा. संध्याकाळी माझं आणि मंजुळाचं डोकं जड व्हायचं. पण नव्या हॉलमध्ये नेमणूक होणं हा मान होता, म्हणून कुणी बोलत नसे.

एकदा बसमधून उतरल्यावर मी पाहिलं, मंजुळाच्या एका पायात चप्पल नव्हती. ती बसमध्येच निसटली होती आणि तिला पत्ता नव्हता. "मले पायात काई समजतच नाई गं," ती हसत म्हणाली. पुढे तिला ब्लाउजचे हुक लावता येईनात. मग जिना चढता येईना. तेव्हा ती हसायची थांबली.

बाई आम्हा दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी तिच्या तळव्यांना टाचणी टोचून पाहिली आणि विचारलं, "कामावर कशाला हात लागतो?"

"पाण्याले," मंजुळा म्हणाली.

"कसलं पाणी?"

तिने बाईंकडे पाहिलं. "डब्यांवरची लेबलं खरवडलेली असतात," बाई म्हणाल्या.

"मला नाव आणून द्या," डॉक्टर म्हणाले. "नावाशिवाय मी अंधारात चाचपडणार. आणि कामामुळे हे झालं, असं नुसत्या संशयावर लिहून दिलं तर तुमची कंपनी ते मानणार नाही."

दुसऱ्या दिवशी बाई मला सोबत घेऊन केबिनमध्ये उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, "बाई, ती सहयोगी कंपनीची गोपनीय बाब आहे. करारात तसं कलम आहे."

"कारखान्यांच्या कायद्यातही कलम आहे. धोक्याची वस्तू असेल तर कामगारांना सांगायचं, असं."

"धोका आहे असं कोण म्हणतं?"

"अहो साहेब, ते तिच्या पायांत गेलंय. आता गोपनीय कुठे राहिलं?"

साहेब हात पसरून हळूच म्हणाले, "माझ्या हातात असतं तर सांगितलं असतं." बाई म्हणाल्या, "हातात नाही असं सांगायला तुमचे हात अजून चालतात, हे नशीब समजा."

त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. शेवटी एक इन्स्पेक्टर आले. पण येणार हे कंपनीला आधीच कळलं होतं. हॉलचे दरवाजे सकाळपासून सताड उघडे आणि टेबलांवर पाण्याच्या डब्यांऐवजी जुन्या स्पिरिटच्या बाटल्या. इन्स्पेक्टरांनी वास घेतला, मान डोलावली, चहा घेतला. बाई त्यांच्या जीपपर्यंत धावत गेल्या. "मागच्या शेडमध्ये डबे आहेत, एकदा बघा तरी," त्या काच ठोठावत म्हणत होत्या. जीप निघून गेली. त्या धुळीत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चिरकलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांनी सरळ सांगितलं, "पाण्याला हात लावू नका." आम्ही मोजक्या जणींनी ऐकलं. काम अडवलं म्हणून बाईंना आणि आम्हाला गेटबाहेर काढलं. बाकीच्या मान खाली घालून आत जात राहिल्या. कुणाचा नवरा बिनकामाचा, कुणाची मुलं शाळेत. मंजुळाची रजा संपली होती आणि गावी तिच्या पैशांवर घर चालत होतं. तीही आत जायची, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून. गेटपाशी बाई तिची वाट अडवत. "मंजुळा, मी पाया पडते तुझ्या, जाऊ नकोस." मंजुळा रडत म्हणे, "बाई, मंग खाऊ काय?" बाई बाजूला होत.

त्यानंतर कारखानाच बंद झाला. जागा कॉम्प्युटर कंपन्यांच्या इमारतींसाठी विकली गेली होती. हेही आम्हाला कुणी सांगितलं नाही, मोजणीची माणसं आली तेव्हा समजलं. कामगार कचेरीत शेवटची बैठक झाली. सगळे उठायला लागले तेव्हा बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. साहेब कागद बॅगेत भरत होते. ते सहज म्हणाले, "ते का? हेक्झेन होतं. बाजारात मिळतं."

"गोपनीय होतं ना?"

"आता प्रकल्पच नाही, बाई."

आम्ही तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नाव ऐकून डोळे मिटले. "याच्या वाफेने नसा मरतात. पहिल्या दिवशी कळलं असतं, तर त्याच दिवशी तिला त्या हॉलमधून बाहेर काढलं असतं," ते म्हणाले. "याला औषध एवढंच होतं." आता किती भरून येईल ते सांगता येत नव्हतं.

मी पुढे वडगावशेरीला शिवणकामाचं दुकान टाकलं. बाई त्यानंतर फार वर्षं जगल्या नाहीत. पण मला त्या आठवतात त्या मंजुळाला गावी पाठवण्याच्या दिवशीच्या. तिच्या भावाने तिला उचलून एसटीत खिडकीशी बसवलं होतं. बाई बसमध्ये चढल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या.

"तिकडचा डॉक्टर विचारेल, कशाने झालं. काय सांगशील?"

"हेक... हेकझन."

"हेक्झेन. पुन्हा म्हण."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली तरी बाई उठेनात. भावाकडूनही त्यांनी तो शब्द वदवून घेतला, मग उतरल्या. गाडी हलली. मंजुळाला हात वर करता येत नव्हता. खिडकीत तिचे नुसते ओठ हलत होते; ती तो शब्द घोकत होती.

बस वळणाआड गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा ओला होता, त्यांनी तो पुसला नाही.

"तूही होतीस त्या हॉलमध्ये," त्या म्हणाल्या. "म्हण."

मी म्हटलं.

"मोठ्याने म्हण."