कुलपाआडचा युगांडा

भानुदास शेजूळ माणसाकडे नुसतं पाहून त्याची उगवणक्षमता सांगत. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी अख्खी नोकरी काढली. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, कागद गुंडाळून ठेवायचा आणि सातव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. कमी उगवल्या की लॉट फेल. मी त्याच कंपनीत गोदामावर लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सुधाकर, तुझी उगवण बराबर हाय. वाढ मातर दिसून न्हाई राह्यली." आज बावन्नाव्या वर्षीही मी गोदामावरच आहे, त्यामुळे निकाल चुकला असं मला म्हणता येत नाही.

पुढे आम्ही शेजारी झालो. मधली भिंत एक, मागचा परस एक. गल्ली त्यांना अण्णा म्हणे. त्यांच्या पत्नी कमलवैनी. वैनींच्या उगवणीबद्दल कोणी विचारलं तर अण्णा म्हणत, "तो लॉट मी तपासलाच न्हाई. वडलांनी परस्पर घेतल्ता." वैनी हे ऐकत आणि चहा गाळत राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज दुपारी जेवणं उरकली की त्या आमच्याकडे येऊन माझ्या आईजवळ बसत. आईची वेणी घालायची, पायाला तेल लावायचं आणि तिच्या माहेरच्या त्याच त्या गोष्टी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या ऐकायच्या. मी गोदामावर, माझी बायको उषा पतसंस्थेत नोकरीला. आईची दुपार वैनींच्या भरवशावर चालते हे आम्हाला इतकं सवयीचं झालं होतं की त्याबद्दल कधी आभार मानल्याचंही मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर अण्णा एका मंडळात गेले. मंडळ नामस्मरण शिकवायचं. अण्णांनी गल्लीत वर्ग काढला, ओसरीवर सतरंज्या अंथरल्या. पहिल्या आठवड्यात वीस माणसं आली, महिन्याभरात चार उरली. त्यात एक माझी आई, आणि ती वैनींच्या शिऱ्यासाठी यायची. एके दिवशी तिनं वर्ग चालू असताना विचारलं, "भानुदास, शिरा आधी दिला तर नाम गोड लागंल का न्हाई?" अण्णांनी त्याच दिवशी आमच्या गल्लीचा निकाल लावला. "इथली जमीन संपली, सुधाकर. इथं काय बी पेरा, उगवून न्हाई राह्यलं."

नवी जमीन मंडळानंच दाखवली. मंडळाचं एक केंद्र युगांडात होतं आणि तिथं शिकवायला सेवाभावी जोडपी हवी होती. जायचं स्वखर्चानं, राहायचं दोन वर्षं. अट एकच, नवरा-बायको दोघं पाहिजेत. अण्णांनी दोघांच्या वतीनं होकार कळवला आणि संध्याकाळी वैनींना सांगितलं. दुसऱ्या दिवशी वैनींनी मला कुंपणाशी गाठून एवढंच विचारलं, "भाऊजी, तिकडं ज्वारी भेटती का?" मला माहीत नव्हतं. अण्णांना विचारायचं त्यांच्या मनातही आलं नसावं.

त्यानंतर दोन महिने सत्कार. मंडळात झाला, कंपनीच्या गेटवर झाला, गल्लीत झाला. वडीगोद्री हे अण्णांचं मूळ गाव, तिथं तर हायवेवरच्या दुकानदारांनी कमान उभारली. घरात नऊ शाली जमल्या, तेही मे महिन्याच्या तोंडावर. चौकात बॅनर लागला. त्यात अण्णा हात जोडून उभे, मागे विमान, आणि वैनींचा फोटो आधार कार्डावरून घेतलेला. प्रत्येक सत्कारात अण्णा एक वाक्य हमखास टाकत: "आपल्या माणसाची सेवा कोणी बी करतं. परक्याची करावी, त्याला सेवा म्हणतात." टाळ्या पडत. मीही वाजवल्या आहेत. निरोपाच्या दिवशी आईनं वैनींचा हात बराच वेळ सोडला नाही. "तू गेल्यावर मी हाक कोणाला मारू?" ती म्हणाली. अण्णा गाडीत बसून हॉर्न वाजवायला सांगत होते.

चौथ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता, गल्लीत कुत्रंही बाहेर नसताना, मागच्या परसात बॅगा ओढल्याचा आवाज आला. मला सुट्टी होती. बघतो तर अण्णा आणि वैनी. झालं होतं असं की युगांडात जाणाऱ्याला पीतज्वराची लस घ्यावी लागते. मंडळानं दोनदा कळवलं होतं. "नाम घेणाऱ्याला काऊन ताप येईल?" म्हणून अण्णांनी तो कागद बाजूला सारला होता. विमानतळावरच्या पोरीनं नाम ऐकून न घेता दाखला मागितला. आता लस टोचून झाली होती, पण दाखला दहा दिवसांनी लागू होणार होता आणि तिकीट पंधरवड्यानंतरचं मिळालं होतं.

"कोणाला बोलायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "एवढ्या शाली घेतल्या, आता कोणत्या तोंडानं बाहेर निघू? पुढल्या दाराला कुलूप राहू दे. चावी तुझ्याजवळ हायेच. आम्ही मागून जाऊन चुपचाप राह्यतो."

मी कबूल झालो. मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू. उषाला सांगितलं, कारण डबा तिनंच करायचा होता. कुकरची शिट्टी बाहेर ऐकू गेली असती म्हणून त्यांच्या घरात चूल बंद. कूलर घरघरतो म्हणून तोही बंद. त्रेचाळीस अंशांत दोघं बंद खिडक्यांआड बसले होते. ज्यांच्या आवाजानं सकाळी सहाला गल्ली जागी व्हायची, त्या अण्णांना पुटपुटून नाम घ्यावं लागत होतं. मंडळाची शिकवण नाम मनात घ्या अशीच होती, ती त्यांनी पहिल्यांदा पाळली. मात्र मोबाइल चालू होता. गल्लीच्या ग्रुपवर रोज सकाळी युगांडाची खबर येई. "सुखरूप पोहोचलो. इथली माणसं फार मायाळू." एके दिवशी हिरव्यागार झाडाचा फोटो आला, खाली "आफ्रिकेची वनश्री". ती आमच्या परसातली पपई होती. पंचावन्न जणांनी हात जोडले.

आईला मात्र आम्ही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं मी उषाला म्हणालो. आई दुपारभर एकटी पडून राहायची. वैनी गेल्यापासून तिनं वेणी घालून घेतली नव्हती, उषा कंगवा घेऊन गेली की म्हणायची, "राहू दे, कमलचा हात हलका होता." भिंतीपलीकडे वैनींना हे सगळं ऐकू जात होतं. डबा घेताना त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, एकदा येऊन जाऊ का? अर्धा घंटा." आतून अण्णांचा आवाज आला, "बिलकुल न्हाई." मी डबा दिला आणि परत फिरलो.

ते लपून राहिल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी आई मोरीत पाय घसरून पडली. नळ चालू होता. उठता येईना. घरात कोणी नाही हे तिला माहीत होतं, तरी सवयीनं तिनं भिंतीकडे तोंड करून हाक मारली, "कमल, अगं कमल." पुढचं मला वैनींनी सांगितलं. हाक येताच त्या उठल्या. अण्णांनी त्यांचं मनगट धरलं. म्हणाले, "आपुन इथं न्हाईत, कमल. आपुन तिकडं हावोत." आईनं पुन्हा हाक मारली. अण्णांनी मनगट सोडलं नाही. आईनं हाक मारणं थांबवलं आणि नुसता नळाचा आवाज यायला लागला, तेव्हा वैनींनी हात हिसडला आणि मागचं दार उघडून धावल्या.

त्यांनी आईला मोरीतून ओढून बाहेर आणलं, कोरडं लुगडं गुंडाळलं आणि भर गल्लीत येऊन रिक्षासाठी ओरडल्या. सगळी गल्ली दारात आली. चौकातल्या बॅनरवर जिचा फोटो होता ती बाई ओल्या साडीत, अनवाणी, समोर उभी होती. कोणी काही विचारलं नाही; चौघांनी आईला उचलून रिक्षात ठेवलं. अण्णा बाहेर आले नाहीत. तासाभरानं मात्र ग्रुपवर त्यांचा संदेश पडला: "सौ. कमल यांना तातडीने भारतात जावं लागलं. मी इथं सेवेत आहे." मी तो दवाखान्याच्या व्हरांड्यात वाचला. डॉक्टर नुकतेच खुब्याचं हाड मोडल्याचं सांगून गेले होते. मला अण्णांचा भयंकर राग आला. तो राग अजून गेलेला नाही. त्यातला निम्मा माझ्यावरच आहे. आईला एका शब्दानं सांगितलं असतं, नाहीतर वैनींना अर्धा तास येऊ दिलं असतं, तर ती त्या वेळी एकटी नसती.

गल्लीनं अण्णांना सोडलं नाही. संध्याकाळी माणसं त्यांच्या खिडकीखाली उभी राहून मोठ्यानं एकमेकांना विचारत, "युगांडात आता किती वाजले असतील हो?" उषानं डबा बंद केला. "तेवढ्या लांब डबा पोचत न्हाई," ती म्हणाली. अण्णांनी युगांडासाठी बांधलेल्या चिवड्यावर दिवस काढले. वैनी दवाखान्यातच आईच्या उशाशी होत्या. एकदा त्या साड्या न्यायला आल्या तेव्हा माझ्याकडून चावी मागून घेतली आणि पुढल्या दाराचं कुलूप सगळ्यांदेखत उघडलं.

"जल्दी लाव, कोणी बघंल," अण्णा आतून म्हणाले.

वैनींनी दार सताड उघडं ठेवलं. "बघू द्या."

"अट जोडप्याची हाय, कमल. तिकीट निघालं. मंडळाला मी काय सांगू?"

"सांगा, बायकोला इथं काम लागलं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी वैनींची पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. मंडळानं मग एकट्याला घेतलं, पण एकट्या माणसाला शिकवायला बसवत नाहीत म्हणे, स्वयंपाकघरात लावतात. ज्यांनी जन्मात स्वतःचा चहा केला नाही त्या अण्णांनी तेही मान्य केलं. इथं राहणं त्यांना त्याहून अवघड झालं होतं.

अण्णा जायच्या आदल्या दिवशी आई दवाखान्यातून घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा बॅग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, शर्टाची घडी मोडलेली. कोणी या म्हटलं नाही. वैनी आईच्या केसांत कंगवा फिरवत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आईनंच खूण करून त्यांना खाटेजवळ बोलावलं.

"भानुदास, मी हाक मारली तवा तू घरात होता का?"

अण्णांनी एकदा दाराकडे पाहिलं. "होतो, माय."

"ऐकू आल्तं का?"

"आल्तं."

"मंग बरं," आई म्हणाली. "मला वाटलं, माझा आवाजच निघंना झाला." ती खरंच हायसं वाटल्यासारखी उशीवर टेकली. अण्णा तिच्या पायाशी वाकले ते बराच वेळ उठेनात. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"जा आता, गाडी चुकंल," ती म्हणाली. "तिकडं कोणी हाक मारली तर जाय मातर, बाबा."