सुनेची डबी आणि आमचा बँड

बँडवाल्याच्या कोटाच्या खिशात गुलाल साचतो. कोट कितीही झटका, चिमूटभर राहतोच. किस्से तसेच. मी मुद्दाम सांगायला बसत नाही. कोट झटकला की पडतात.

मी शहाद्याजवळच्या एका गावचा. शाळा चौथीपर्यंत. चाळीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. सगळे मला मास्तर म्हणतात. वरातीत सगळ्यात पुढे मास्तर चालणार, हा नियम मीच केला. मिशी पांढरी झाली तेव्हा लोक मागून कुजबुजू लागले. म्हणून एकदा सगळ्या बँडसमोर सांगून टाकले, "ज्या दिन मन्हा वरना सूर फुटी, त्या दिन मी मोऱ्हनी जागा सोडसू!"

त्यानंतर पुढच्या जागेबद्दल कोणी तोंड उघडले नाही.

०

डीजे आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या. माझी सून मनीषा नाशिककडची. शुद्ध बोलते, कॉम्प्युटर शिकलेली आहे. ती म्हणाली, "आबा, तुमचं वाजवणं घरीच रेकॉर्ड करू आणि फोनवर टाकू. लोक ऐकतील, बोलावतील."

मी विचारले, "स्टुडिओ कोठे शे?"

तिने पिशवीतून शाळेच्या पाटीएवढा लॅपटॉप काढला. मग एक काळी डबी काढली. "हाच स्टुडिओ. माईकचा आवाज या डबीतून लॅपटॉपमध्ये जातो."

मी बघतच राहिलो. डबी माझ्या पानाच्या डब्यापेक्षा लहान! आमचा ढोलवाला भटू डबीभोवती एक फेरी मारून आला. डबी उचलून कानाशी हलवली.

"मास्तर," तो म्हणाला, "याम्हा तर मन्ही टिपरी बी मावाव नही!"

०

पहिल्या दिवशी मी आणि सुपडू वाजवायला उभे राहिलो. सुपडू दुसरा क्लॅरिनेट वाजवतो. वरातीत तो कायम माझ्या उजव्या खांद्यामागे, अर्धे पाऊल अंतर ठेवून. कितीदा रागावलो त्याला, "शेपूट शे का तू मन्ही?" तो हसतो आणि तिथेच राहतो.

मनीषाने माईक समोर ठेवले. माझ्या कानाला हेडफोन लावला. आम्ही सुरू केले.

बँडवाला उभा राहून वाजवत नाही. चाळीस वर्षे चालतच वाजवले. धृपद संपेपर्यंत आम्ही भिंतीशी पोचलो. भिंत आली म्हणून वळलो. कडवे येईपर्यंत दारात. माझ्या मागे सुपडू. हेडफोनची तार ताणली, डबी घसरली, डबीमागे लॅपटॉप निघाला वरातीला! मनीषाने खाटेवर झेप घेऊन तो पोटाशी धरला.

"आबा, थांबा!"

मी म्हणालो, "खोली लहान शे."

शेवटी खाली गोधडी अंथरली आणि जागच्या जागी पाय आपटायची परवानगी मिळाली.

०

दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड केलेले ऐकले, तर मागे घूंऽऽ आवाज. माझ्या बँडमध्ये असले चालत नाही.

"सुपडू, गुणगुणनं बंद कर."

त्याने तोंड मिटले. पुन्हा रेकॉर्ड केले. घूंऽऽ.

"नाकना आवाज शे तुन्हा."

त्याने नाक दाबले. पुन्हा घूंऽऽ. सुपडू लालबुंद! मला वाटले, पडतो आता.

मनीषाने लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. आवाज गायब. डबी आणि चार्जर यांचे पटत नाही म्हणे. मला धक्काच बसला. एवढ्या शिकलेल्या वस्तू, आणि भांडण जावांसारखे!

सुपडूची माफी मागितली का? नाही. पण त्या दिवशी चहाचा पहिला कप त्याला दिला.

०

ढोल आधी वेगळा रेकॉर्ड करायचा होता. मनीषाने भटूला हेडफोन लावून सांगितले, "काका, यात टिक-टिक वाजेल. तिच्यावर ढोल वाजवा."

थोड्या वेळाने भटूने हेडफोन काढून फेकला.

"कोन शे हाऊ याम्हा? माले टाकीसन पळी ऱ्हायना!"

"कोणी नाही काका. मशीन आहे. लय धरून ठेवते."

"घोडा थांबना तर हाऊ थांबस का?"

"कुठला घोडा?"

भटू माझ्याकडे वळला. "मास्तर, नवरदेवना घोडा न देखता वाजाडनारा मानूस मी जनममा देखा नही. याले बँडमा लेऊ नका!"

टिक-टिक बंद करावी लागली.

०

डबीला एक बटण आहे आणि बटणाजवळ दिवा. आवाज बरोबर असला की हिरवा, वाजवीपेक्षा मोठा झाला की लाल. भटू वाजवू लागला. दिवा हिरवा. कडवे आले, जिथे माझा वरचा सूर लागतो, तिथे भटूने दोन्ही हात असे मारले की दिवा लाल! पुन्हा वाजवले. पुन्हा नेमका तिथेच लाल.

"देखा, खूश व्हयनी डबी!" भटू म्हणाला.

मनीषा म्हणाली, "काका, लाल म्हणजे आवाज जास्त झाला."

भटूने ढोल खाली ठेवला. कोणी शिवी दिल्यासारखा चेहरा!

"जास्त? ढोलना आवाज जास्त कसा ऱ्हाई?"

बटण पार खाली आणले. भटूचे हात खाली आले नाहीत. मी म्हणालो, "कडवामा जरा हळू मार." तो माझे सगळे ऐकतो. हे ऐकले नाही.

०

मग माझी आणि सुपडूची पाळी. मनीषा म्हणाली, दोन माईक, दोन माणसे, आवाज वेगवेगळे हवेत. सुपडूला तिने धान्याच्या कोठीमागे उभे केले आणि मध्ये दोरीवर जाड गोधडी टाकली. सुपडू दोनदा गोधडीखालून निघून माझ्या खांद्यामागे आला.

"मन्हा पाय तठे ऱ्हातस नही वहिनी," तो म्हणाला.

तिने हात धरून परत नेले. दोघांच्या कानाला हेडफोन, कानात भटूचा ढोल. वाजवले.

मग सगळे एकत्र ऐकले. फक्कड! कड्यावरून घार उडावी तसा वरचा सूर निघाला. माझी छाती फुगली. मनीषाला म्हटले, "आते मन्हं एकलानं ऐकाड."

ती म्हणाली, "राहू द्या ना आबा. छान झालंय."

"ऐकाड."

तिने सुपडूकडे बघितले. सुपडूने जमिनीकडे. तिने बटण दाबले.

धृपद चांगले होते. मग कडवे आले. वरचा सूर नाही! नुसती हवा. फुस्स. चाव्या बोटांखाली टकटक वाजताहेत, सूर नाही. आणि लांबून, गोधडीपलीकडून, बारीक ऐकू येत होता तोच सूर.

"सुपडूनं लाव."

लावले. सूर तिथे होता. स्वच्छ, सरळ.

मी विचारले, "कव्हयपाईन?"

सुपडू म्हणाला, "दोन लगीनसराई व्हयन्यात, मास्तर."

"माले कसं नही समजनं?"

उत्तर भटूने दिले. खाली बघत, टिपरी बोटात फिरवत.

"मास्तर, कडवामा ढोल हळू मारता तर तुमले समजी जातं."

सतरा माणसांचा बँड. सोळांना माहीत होते!

मी गळ्यातला हेडफोन काढून खाटेवर ठेवला आणि आत जाऊन पाणी प्यालो. मनीषा मागून आली. "आबा, हे फोनवर टाकू की नको?"

म्हटले, "टाक. जसं शे तसं टाक."

०

महिनाभरात धडगावहून सुपारी आली. जीपने घाट चढून गेलो. नवरदेवाचा मामा हातात फोन घेऊन समोर आला. आमचेच वाजवणे लावले होते. कडवे आले तसा त्याने फोन माझ्या कानाशी धरला.

"याच्यासाठी बोलावलं. हा वरचा सूर मास्तरांचाच ना?"

सगळा बँड माझ्याकडे बघू लागला. भटूचा हात ढोलावर तसाच राहिला.

मी कोटाची बटणे लावली. नवरदेव घोड्यावर बसला. वरात लागली. मी पुढे उभा होतो, तिथून निघालो, चालत मागे आलो आणि सुपडूच्या उजव्या खांद्यामागे, अर्धे पाऊल अंतर ठेवून उभा राहिलो.

सुपडूने मान वळवली. डोळे भरलेले.

"मास्तर, तुम्ही मांगे?"

मी म्हणालो, "मोऱ्हे देखीसन चाल!"